थांबा हं, खिडकी लावते

घोडेगावच्या स्टँडसमोरच्या रसवंतीत मी शिरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पारा एकेचाळीसवर होता. एकेचाळीस हा आकडा माझ्या मनचा नाही. आदल्या संध्याकाळी मीच तो अकरा गावांना सांगितला होता, आणि आता सोमवारी भरदुपारी कामाच्या नावाखाली त्यातूनच स्कूटी हाकत होते. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, अंगात सनकोट. माझ्या आईनंही मला ओळखलं नसतं.

बिनबर्फाचा एक रस सांगितला आणि बाकड्यावर टेकले. शेजारच्या बाकड्यावर एक तरुण बसला होता. एका हातात अर्धा ग्लास, दुसऱ्या हातातला मोबाईल कानाजवळ. डोळे मिटलेले. आणि त्या मोबाईलमधून—

“नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. मी पंकजा. येत्या आठवड्याचं हवामान ऐका…”

मी दचकले. आपली ओढणी अनोळखी घराच्या दोरीवर वाळताना दिसावी, तसं काहीतरी झालं.

सांगायला हवं. मी मूळची श्रीगोंद्याची. लिंबाच्या बागेत वाढले, कृषीची पदवी घेतली आणि दोन वर्षांपासून नेवासा तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीत नोकरी करते. दर रविवारी संध्याकाळी वेधशाळेचा अंदाज साध्या भाषेत वाचायचा, पाणी कधी द्यायचं, कांद्याचं काय करायचं, जनावरं कुठं बांधायची ते सांगायचं आणि तो तीन मिनिटांचा निरोप मोबाईलवर गावोगाव पाठवायचा, हे माझं काम. शेवट ठरलेला असतो – विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नका, काळजी घ्या. हा निरोप ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मात्र मी कधीच पाहिलं नव्हतं.

तो हसत होता. मनातल्या मनात, डोळे मिटून. उन्हाचा अंदाज ऐकून कोणी हसतं का? तेवढ्यात चरक सुरू झाला, घुंगरं वाजायला लागली आणि पुढचं काही मला ऐकू आलं नाही. पण माझी जीभ कधी गप्प बसली आहे…

“काय म्हणतात हवामानवाल्या बाई?”

तो असा दचकला की अर्धा ग्लास हातावर सांडला. त्याच ओल्या हातानं त्यानं मोबाईल बंद करायला इथं दाबलं, तिथं दाबलं आणि घाईघाईनं खिशात कोंबला. चोरी पकडल्यासारखा लाल झाला होता बिचारा.

“त्या… ऊन हाय म्हणत्यात.”

“ते कळायला बाई कशाला लागते? हात बाहेर काढला की कळतं. आणि अंदाज चुकतात म्हणे त्यांचे.”

“कोन म्हणलं?” त्याचा आवाज एकदम चढला. “जीव लावून सांगतात त्या. ऊन लई हाय, पानी पीत जा, असं आमच्या घरात बी मला कुनी म्हणत न्हाई.”

“आवाज जरा नाकातला वाटतो पण.”

“नाकातला न्हाई…” तो ग्लासात बघत विचार करत राहिला. “जराशी सर्दी झाल्यावानी हाय. पर गोड हाय.”

स्कार्फच्या आत माझे कान तापले. त्याचं कारण ऊन नव्हतं, हे मी आज कबूल करते. उठताना त्यानं नाव विचारलं, तर मी ठोकून दिलं, रुपाली. तो म्हणाला, मला अंगद म्हणत्यात. मग उगाच ओठ चावत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ऊन लई हाय, रुपाली मॅडम. पानी पीत जा.” मी स्कूटीला किक मारली. तेरा किलोमीटर मी एकटीच हसत होते.

बुधवारी संध्याकाळी पहिला फोन आला.

“मॅडम, गारा कुठं हायेत?”

मला वाटलं, रॉंग नंबर. मग दुसरा आला, तिसरा आला. पाचव्या फोनला कळलं. मी म्हणे सांगितलं होतं की बुधवारी दुपारनंतर गारपीट होणार, काढलेला कांदा ताबडतोब चाळीत घ्या. मंगळवारी सूर्य उगवल्यापासून अकरा गावांनी तेच केलं होतं. बुधवारी आभाळात ढगाचं चिटपाखरू नव्हतं.

ज्यांना कांदा माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. उन्हाळी कांदा काढला की तो पातीनं झाकून चार-पाच दिवस शेतातच सुकवावा लागतो. त्याची मान सुकली की तो चाळीत, म्हणजे कांद्याच्या हवेशीर कोठारात, पाच महिने टिकतो. मान ओली असताना चाळीत कोंडला, तर तो आतल्या आत घाम धरतो आणि सडतो. म्हणजे वर्षाची कमाई आठ दिवसांत मातीत. आणि ती माझ्या तोंडून गेली होती… पण मी तर असं बोललेच नव्हते. मी शुक्रवारपर्यंत कोरडं ऊन सांगितलं होतं आणि शनिवारी दुपारी तीननंतर वादळी वारा, विजा, पाऊस.

गुरुवारी सकाळी नऊलाच सगळे आमच्या ऑफिसात जमले. ऑफिस म्हणजे कंपनीचं नवं गोडाऊन, एका कोपऱ्यात माझं टेबल. बाया-माणसं गोण्यांवर बसली होती. आमचे अध्यक्ष गहिनीनाथ अण्णा तापलेले होते. कधी आवाज न चढवणारा माणूस, म्हणून त्यांचा हळू आवाजच जास्त लागला. रविवारचा निरोप बंद, आणि पंकजाचं पुढं काय करायचं ते संचालक मंडळ ठरवील, असं त्यांनी सांगून टाकलं.

मी म्हणाले, मी असं बोलले नाही. तर पुढच्या रांगेतल्या छबूबाईंनी मोबाईल काढून तो निरोपच लावला.

“…बुधवारी दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह गारपिटीची शक्यता आहे. काढलेला कांदा त्याच दिवशी चाळीत घ्या…”

आवाज माझाच होता. सर्दी झाल्यासारखा. आपलंच बोलणं आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहावं आणि आपल्याला ते बोलल्याचं आठवूही नये, याहून मोठा धक्का मला आजवर बसलेला नाही. मला खरंच वाटलं की मला वेड लागलं आहे.

मग मोबाईलमध्ये काहीतरी धाडकन आपटलं. आणि माझाच आवाज, जरा लांबून, हसत—

“अगं बाई… थांबा हं, खिडकी लावते.”

“अण्णा,” मी म्हणाले, “खिडकी कुठाय?”

सगळ्यांनी माना वळवल्या. चार भिंती, एक शटर, वर पत्रा. ह्या गोडाऊनला खिडकीच नाही. खिडकी होती ती आमच्या जुन्या ऑफिसला, बाजारातल्या माडीवर, मोडक्या कडीची. दिवाळीला आम्ही ती जागा सोडली. हा निरोप गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला होता. त्यात मी ‘येत्या बुधवारी’ म्हटलं होतं, तारीख सांगितलीच नव्हती. तेव्हा गारा पडल्याही होत्या.

गोण्यांवर कुजबुज झाली. अण्णांनी चष्मा काढला.

“मान्य. पर यवढ्या दिसांनी तो आला कुठनं? गेल्या सालचा हवामानाचा अंदाज कोन जपून ठेवतं, पोरी?”

सगळे हसले. खरंच, कोण ठेवील? मीच ठेवत नाही.

“मी.”

आवाज मागून आला. वजनकाट्याजवळ एक जण उभा राहिला होता. रसवंतीतला तो.

“अंगद, खाली बस,” छबूबाई घाईनं म्हणाल्या. ती त्याची आत्या, हे मला तेव्हा कळलं.

तो बसला नाही. त्यानं सगळं सांगितलं. सोमवारी दुपारी तो हा निरोप ऐकत होता, हात ओला होता, बंद करताना चुकून आत्याला गेला. मंगळवारी पहाटेच तो आपल्या पिकअपमधून दुसऱ्याचा माल घेऊन संगमनेरला गेला होता. काल परत आला, तोवर गाव कांदा भरून बसलं होतं. आत्यानं निरोप बचत गटात टाकला होता, गटातून तो अकरा गावांत गेला. आत्यानं काळजीपोटीच केलं, तिला बोल लावू नका, म्हणाला. तो गप्प बसला असता तर जन्मात कोणाला कळलं नसतं. हे तिथल्या प्रत्येकाला समजलं, म्हणून कोणी त्याच्यावर ओरडलं नाही.

“आरं, पर तू ठिवला कशाला?” अण्णा अजून तिथंच अडकले होते.

अंगदनं आधी जमिनीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“हवामानासाठी न्हाई ठिवला, अण्णा. त्या खिडकी लावायला उठत्यात ना… तेवढ्यासाठी.”

छबूबाईंनी तोंडावर पदर घेतला. साठ-सत्तर माणसं आधी त्याच्याकडे आणि मग, एका वेळी, माझ्याकडे वळली.

मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. “तुमच्या तेवढ्यासाठी अकरा गावांचा कांदा घाम धरतोय,” मी म्हणाले.

“व्हय,” तो म्हणाला. “चुकलो.”

एवढंच. सबब नाही, हात जोडणं नाही. माझा राग उभा राहिला, पण त्याला धरायला काही मिळेना. मग मी सगळ्यांना सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही. कांदा आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, पातळ पसरा. आज आणि उद्या बेचाळीसचं कोरडं ऊन आहे, माना सुकतील. उद्या दिवस मावळायच्या आत परत चाळीत घ्या. शनिवारी तीननंतर वादळ आहे.

“हा शनवार कोन्त्या सालचा?” मागून एकानं विचारलं. पुन्हा हसणं झालं, पण अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, ठीक, करा पोरगी म्हणती तसं. शनिवारी वारा सुटला नाही, तर मात्र निरोपही बंद आणि नोकरीही बंद.

ते दोन दिवस मी गावोगाव फिरत होते. प्रत्येक शेतात लोक चाळी उपसत होते, आणि पाहावं तिथं अंगदची पिकअप. स्वतःचा कांदा सोडून तो दुसऱ्यांच्या चाळीतून पाट्या वाहत होता. बेचाळीसच्या उन्हात, डोक्याला टॉवेल बांधून, माझ्याकडे एकदाही न बघता. मी मात्र बघत होते. शुक्रवारी संध्याकाळी एका शेतात मी कांद्याची मान चिमटीत धरून पाहिली. कडक झाली होती. शेवटची चाळ भरली तेव्हा सूर्य नुकताच टेकला होता.

शनिवार उजाडला तो नुसता पांढरा. ढग नाही, वारा नाही. बिनखिडकीच्या ऑफिसात मला बसवेना. दोन वाजता मी घोडेगावच्या रसवंतीत आले, कारण तिथून सगळं आभाळ दिसतं. स्कार्फही बांधला नव्हता. आता काय लपवायचं होतं?

“बसा, रुपाली मॅडम.”

तो त्याच बाकड्यावर होता.

“म्हणजे… तुम्हाला माहीत होतं?”

“काय म्हणतात, म्हणलात ना तुमी? दुसऱ्याच शब्दाला कळलं. म्हणून तर रस सांडला.”

म्हणजे हे सगळं रामायण… मी जीभ आवरली असती तर त्याचा हात ओला झाला नसता, आत्याला निरोप गेला नसता आणि अकरा गावांचा कांदा जागचा हलला नसता.

“आणि मी नाकातला आवाज म्हणाले तेव्हा…”

“तुमच्याच तोंडावर तुमची बाजू घ्यायला मिळाली. असा मोका कुठं मिळतो?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी घड्याळाकडे नजर गेली. अडीच. मी विचारलं, किती निरोप ठेवलेत? तो म्हणाला, सगळे. पहिल्या रविवारपासून. मधले दोन रविवार मी आजारी होते, ते त्याला लई लांब गेले. हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. दोन वर्षं मी भिंतीशी बोलतेय असं समजत होते. आणि भिंतीपलीकडे हा बसला होता… डोळे मिटून.

“माझं मी सगळ्यांदेखत बोलून बसलो,” तो म्हणाला. “तुमचं काय?”

“तीन वाजत आलेत. वारा आला नाही तर माझी नोकरी जाईल. मग तुम्हाला ऐकायला काही उरणार नाही.”

“हवामान नसलं तरी चालंल. आज भाजी काय केली, तेवढं सांगितलं तरी मी ऐकीन.”

तीन वाजले. सव्वातीन. झाडाचं पान हलत नव्हतं. मी ग्लास हातात धरून बसले होते, रस कोमट झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी वादळाची वाट बघत होते, तीही देवाचं नाव घेत. साडेतीनला रस्त्यावरचा एक कागद उडाला. मी उभी राहिले. पलीकडच्या उसावरून धुळीची एक उंच भिंत चालत येत होती आणि तिच्या मागचं आभाळ जांभळं झालं होतं. पत्रा थडथडला. रसवंतीवाला पुढचं सावलीचं कापड सोडायला धावला. टपोरे थेंब पडले, आणि मग पूर्वेला आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं.

माझी स्कूटी बाहेर कडुलिंबाखाली होती. मी आनंदाच्या भरात तिकडे धावले, तर मागून कोणीतरी मनगट धरलं.

“विजा चमकत असताना,” अंगद म्हणाला, “झाडाखाली थांबू नका. काळजी घ्या.”

माझं वाक्य. माझ्याच चालीवर, माझ्याच श्वासासकट. मी पत्र्याखाली उभी राहून हसत होते आणि रडतही होते, आणि मनगट त्याच्या हातातच होतं. सोडवून घ्यावंसं मला वाटलं नाही. खिशात फोन वाजला. अण्णा होते. एवढंच म्हणाले, “पोरी, आलं गं. रविवारचा निरोप येऊ दे.”

“आनि माझा?” अंगदनं विचारलं. एवढ्या गडगडाटात त्याचा आवाज कसा ऐकू आला, देव जाणे.

“उद्या,” मी म्हणाले. “उद्या रविवार आहे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोडाऊनचं शटर ओढून बसले. आता मी आधी तारीख सांगते. आज रविवार, दहा मे दोन हजार सव्वीस. येत्या आठवड्यात उन्हाचा जोर कमी होईल, मंगळवारी व बुधवारी दुपारनंतर मेघगर्जनेसह पाऊस… तो निरोप अकरा गावांना गेला. मग मी दुसरा बोलायला घेतला, एकाच माणसासाठी. सात वेळा पुसला. आठव्या वेळी तसाच पाठवला.

“नमस्कार. मी पंकजा. आज रविवार, दहा मे दोन हजार सव्वीस. माझंही तुमच्यासारखंच आहे. आज मेथीची भाजी केली होती… हा निरोप फक्त तुमच्यासाठी आहे. कृपया पुढे पाठवू नका.”

पाठवला आणि मोबाईल उपडा ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. दहा मिनिटं झाली असतील. फोन वाजला. अंगदचा नव्हता.

“पंकजा बाई का?” पलीकडून छबूबाई बोलत होत्या. मागे दहा-बारा बायकांचा गलका चालला होता. “बाई गं, आमी समद्यांनी ऐकलं. म्हणलं श्रीगोंद्याला तुज्या आईकडं कधी येऊ, ते इचारावं.”

हातातून फोन निसटता निसटता वाचला.

तासाभरात ते अकरा गावांना कळलं. तारीख सांगितलेली होती, म्हणून हा गेल्या वर्षीचा आहे अशी शंकाही कोणाला आली नाही. अंगद म्हणतो, चुकून गेला, अंगठा ओला होता. त्या संध्याकाळी तो घरीच बसला होता, रसवंतीत नव्हता. अंगठा कशानं ओला झाला, ते मी पुष्कळदा विचारलं. त्यानं अजून सांगितलेलं नाही.